मोटारीच्या दुखण्याचें निदान

वाईहून पांचगणीकडे निघालेली मोटार पसरणीच्या घाटांत निम्म्यावर आली कीं कित्येकदां कुरकुर करूं लागते. सपाटीवर सहज पळणारी गाडी दुसऱ्या गियरमध्यें येते, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी जोर धरीत नाहीं, आणि आंतील मंडळींत ज्याचें त्याचें निदान सुरू होतें. कोणी पेट्रोलला नांवें ठेवतो, कोणी प्लग बदलावयास सांगतो, तर कोणी ‘इंजिनच गेलें’ असें म्हणून मोकळा होतो. वैद्यानें नाडी न पाहतां काढा द्यावा, त्यांतलाच हा प्रकार! लक्षण एक असतें आणि त्याचीं कारणें अनेक असतात. हें ज्याला उमगलें नाहीं, त्याचा पैसा गॅरेजांत जातो आणि दुखणें मात्र गाडींतच राहतें.

पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, इंधन, दाब आणि ठिणगी. डिझेलला ठिणगी लागत नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंतच तें पेट घेतें. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्यें सेकंदाला २५ वेळां ही ज्वलनक्रिया घडते. तींत एका गोष्टीची जरी उणीव झाली, तरी शक्ति घटते. म्हणून ‘काय बिघडलें?’ या प्रश्नाआधीं ‘केव्हां बिघडतें?’ हें विचारणें अगत्याचें. इंजिन थंड असतां कीं तापल्यावर? गाडी उभी असतां कीं चढावर? सदैव कीं मधूनमधून?

गाडी उभी असतांनाही इंजिन ताल सोडून थडथडत असेल, म्हणजे बोलभाषेंत ‘मिसिंग’ करीत असेल, तर बहुधा एखादें सिलिंडर कामचुकारपणा करीत आहे. तेथें प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासावे. उभ्या गाडींत ताल ठीक, पण चढावर दम तुटतो, असें असल्यास तुंबलेला फिल्टर, थकलेला इंधनपंप किंवा भार पडतांच दुबळी होणारी ठिणगी यांचा संशय घ्यावा. याउलट इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, अशा वेळीं इंजिन बिचारें बहुधा निर्दोष असतें. घसरत असतो तो क्लच. अशा गाडीचे प्लग दहा वेळां बदलले तरी ती घाट चढणार नाहीं.

धूरही पुष्कळ सांगून जातो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही न थांबणारा, दाट पांढरा धूर पेट्रोलच्या गाडींत दिसला, तर कूलंट सिलिंडरमध्यें शिरत असल्याची शंका घ्यावी. हिंवाळ्यांतील सकाळीं पहिल्या कांहीं मिनिटांत दिसणारी पांढरी वाफ मात्र स्वाभाविक होय.

कांहीं वेळां गाडी निरोगी असते आणि दोष हवेचा असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच आहे. वाईपासून तेथवर जातां हवेचा दाब सुमारें सात टक्क्यांनीं उतरतो, आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्तिही जवळजवळ तितकीच घटते. हा आजार नव्हे. परंतु शक्ति निम्म्यावर आली, तर त्याचा ठपका डोंगरावर ठेवतां येणार नाहीं.

कृष्णाकांठच्या उसाचाही येथें संबंध येतो. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोंचलें. इथेनॉलमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळें ॲव्हरेज थोडें उतरल्यास नवल नाहीं. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतें. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकींत पुरेसें पाणी गेलें, तर तें इथेनॉलसह तळाशीं बसतें आणि इंजिन अडखळूं लागतें.

निदानाची चूक केवळ पैशावर भागत नाहीं. घाटांत तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला, तर गाडी सुरक्षित जागीं उभी करून इंजिन बंद करावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं शंभर अंशांहून अधिक तापलेलें असतें. दाब सुटतांच तें उकळून अंगावर उसळतें.

पुराची गोष्ट याहून विपरीत. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेनें ४५ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागें टाकली आणि नदीकांठची वस्ती पाण्याखालीं गेली. अशा पुरांत बुडालेली गाडी वरून कोरडी दिसली, तरी किल्ली फिरवण्याचा मोह आवरावा. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरमध्यें पाणी असतां पिस्टन वर येऊं लागला, तर कनेक्टिंग रॉड वांकतो आणि धुऊन-वाळवून वांचणारें इंजिन कायमचें निकामी होऊं शकतें. बॅटरीची तार सोडवून गाडी ओढून नेणें हाच शहाणपणा.

आतां मिस्त्रीच्या हातीं स्कॅनर आला आहे. परंतु तोही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. ‘मिश्रणांत इंधन कमी’ असा संकेत त्यानें दाखविला, तर दोष फुटक्या हवानळीचा कीं मंद पंपाचा, हें माणसानेंच शोधावयाचें असतें. म्हणून गॅरेजांत जातांना ‘अमुक भाग बदला’ असें न सांगतां कोणत्या चढावर, किती वेगांत, इंजिन किती तापलें असतां काय घडलें, तें सांगावें. तपासणी स्वस्त भागापासून सुरू व्हावी आणि एका वेळीं एकच भाग बदलावा. नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं. दुखणें नीट सांगणारा मालक आणि तें नीट ऐकून घेणारा मिस्त्री भेटले, कीं निम्मी दुरुस्ती झालीच म्हणावयाची.