स्कायलॅबवर कापड ताणणारा मिशिगनकर

स्कायलॅब म्हटलं की आपल्या आईवडिलांना १९७९ सालची धास्ती आठवते. ‘आकाशातून पडणार म्हणे, कुणाच्या डोक्यावर ते देव जाणे!’ ११ जुलैला ती पडली. तुकडे गेले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. पण ती माणसांना राहण्याजोगी कशी झाली, ही त्याआधीची गोष्ट आपल्या घरांत फारशी निघत नाही. आणि त्या गोष्टीतला एक जण इथलाच, ॲन आर्बरमध्ये शिकलेला.

जॅक लाउझ्मा. मिशिगन विद्यापीठातून १९५९ साली इंजिनिअर झाला. जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइटही त्याच वर्षीचे. काय बॅच असेल!

मे १९७३ मध्ये स्कायलॅब वर जातानाच तिचं बाहेरचं कवच उखडलं. आत पारा ५० अंशांच्या वर. पहिल्या तुकडीने आतूनच एक छत्री बाहेर काढून उघडली आणि वेळ भागवली, पण तिचं कापड उन्हात किती टिकणार? म्हणून ६ ऑगस्टला लाउझ्मा आणि ओवेन गॅरियट दुसरं कापड ताणायला बाहेर पडले. आमच्या धंद्यात याला चालू सिस्टिमवर पॅच टाकणं म्हणतात. आमचं चुकलं तर फक्त रात्री फोन वाजतो.

अंगावर होता ए७एलबी सूट. चंद्रावरच्या शेवटच्या मोहिमांतला, पण पाठीवर ते मोठं दप्तर नाही. ऑक्सिजन आणि गार पाणी स्थानकातूनच, ६० फूट लांब नळीने. अंगालगत बारीक नळ्या ओवलेली बंडी, त्यावर हवाबंद रबरी थर, त्यावर उन्हापासून वाचवणारे पातळ पडदे. हवा भरली की सगळं फुग्यासारखं ताठ होतं, मूठ मिटायलाही जोर लागतो. तशा हातमोज्यांनी दोघांनी ५-५ फुटांच्या नळ्या जोडून ५५ फुटांचे दोन खांब उभे केले आणि त्यांवर कापड ओढलं. साडेसहा तास!

हा सूट ज्या कंपनीने केला, तिचं मूळ बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या उद्योगात. डेलावेअरमधल्या डोव्हर गावच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी तो एकेका अंतराळवीराच्या मापाने, शिलाई मशीनवर शिवला. टीप सरकली तर उसवून पुन्हा. आपली मुलं रोबोटिक्सच्या वर्गाला जातात, रॉकेटचं इंजिन विचारतात. शिवलं कुणी, हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही.

कापड ताणल्यावर आतला उकाडा आणखी उतरला. ही तुकडी वर ५९ दिवस राहिली आणि २५ सप्टेंबरला परतली.

तुमच्या घरी स्कायलॅबच्या धास्तीची आठवण सांगणारं कुणी असेल, तर पुढच्या खेपेला त्यांना माइकसमोर घेऊन या.