ओळखपत्र, वय आणि मद्य : एका कौटुंबिक प्रसंगाच्या निमित्ताने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत द्वारका येथे केलेले भाषण)



भाषणाचा विषय मी चिटणिसांना कळविला, तेव्हा त्यांनी दोनदा दूरध्वनी करून तो खरोखर हाच आहे ना, याची खातरी करून घेतली. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर प्रवचने झाली, तेथे मद्याच्या दुकानात दाखवावयाच्या कागदपत्रांवर बोलणे औचित्यास धरून होईल काय, अशी त्यांची शंका होती. शंका रास्त आहे. परंतु आपणांपैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी परदेशी आहे. त्यांची मुले हिवाळ्यात लग्नाकार्यास येतात, आपल्याकडे उतरतात, आणि त्यांच्या सरबराईत हा प्रश्न आपण होऊन पुढे येतो. माझ्या घरी तो आला, म्हणून मी तो येथे मांडतो आहे. पिणे चांगले की वाईट, हा वाद मी आज घालणार नाही.

आपल्या या वसाहतीचे नाव द्वारका. मूळ द्वारका समुद्राकाठी, गुजरातेत. महाभारताच्या मौसलपर्वात एक प्रसंग आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ऋषींच्या शापाने सांबाच्या पोटी मुसळ जन्मले, त्याचे चूर्ण करून ते समुद्रात टाकण्यात आले, आणि त्यानंतर लगेच नगरात दवंडी पिटली गेली, की आजपासून वृष्णी आणि अंधकांच्या घरी कोणीही मद्य गाळावयाचे नाही. जो गाळील तो आपल्या बांधवांसह सुळावर चढेल. लोकांनी भयाने ती आज्ञा पाळली. पुढे तीच मंडळी प्रभासक्षेत्री यात्रेस गेली, तेथे यथेच्छ प्याली, आणि सात्यकी व कृतवर्मा यांच्या भांडणातून सारे कुळ संपले. कायदा द्वारकेत होता, प्राशन प्रभासास झाले. हद्दीबाहेर जाऊन पिण्याचे याहून जुने उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आमच्या द्वारकेकडे वळतो. माझे थोरले बंधू गेली तीस वर्षे न्यू जर्सीत असतात. त्यांचा मुलगा तेथेच जन्मला, अमेरिकेचा नागरिक आहे. मराठी समजते, बोलतो बेतानेच, पण मला न चुकता 'काका' म्हणतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीच्या लग्नासाठी तो आला, तेव्हा त्यास बावीस वर्षे पूर्ण झाली होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड ज्या हॉटेलात उतरले होते, तेथे तो आपल्या चुलतभावाबरोबर, म्हणजे माझ्या चिरंजीवांबरोबर, खाली बारमध्ये गेला आणि त्याने बीअर मागितली. वाढप्याने वयाचा दाखला मागितला. पुतण्याने न्यू जर्सीचे वाहन चालविण्याचे अनुज्ञापत्र पुढे केले. वाढप्याने ते उलटसुलट पाहिले आणि पासपोर्ट मागितला. पासपोर्ट माझ्या कपाटात, माझ्या कुलपात होता. कारण लग्नाच्या गर्दीत तो हरवू नये म्हणून मीच तो काढून घेतला होता. मुलांनी माझ्या सौभाग्यवतीकडून किल्ली मिळवून तो नेला. तो पाहून वाढपी अत्यंत अदबीने म्हणाला, की साहेब, यावर तर आपण बावीसच वर्षांचे आहात.

दिल्लीच्या २००९ च्या अबकारी कायद्यात ही मर्यादा पंचवीस वर्षांची आहे. ती एकवीसवर आणण्याचे दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले होते; त्या वर्षीचे नवे मद्यधोरण नोव्हेंबरात लागू झाले आणि पुढील वर्षीच्या १ सप्टेंबरपासून जुनी व्यवस्था परत आली, पण पंचवीसचे कलम होते तेथेच राहिले. कायद्याची भाषा मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. सकृद्दर्शनी पंचवीसच्या खालचा दिसेल अशा कोणासही मद्य विकू नये, असे तीत म्हटले आहे. म्हणजे कायदा प्रथम चेहऱ्याकडे पाहतो. कागद लागतो तो विक्रेत्यास, आपल्या परवान्याच्या रक्षणासाठी. त्यामुळे परदेशी पाहुण्याची अडचण होते. आधार त्याच्याजवळ नसते. ते परदेशी नागरिकास मिळण्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस येथे राहिलेले असावे लागते. त्याचे अनुज्ञापत्र खरे की खोटे, हे येथील वाढप्याने कसे ओळखावे? अमेरिकेतील पन्नास राज्यांची पन्नास तऱ्हेची कार्डे, आणि त्यांवर महिना आधी, दिवस मागून. अखेर विश्वास बसतो तो पासपोर्टावर. कारण त्याचा नमुना साऱ्या जगाने मान्य केलेला आहे.

मी त्या वाढप्यास दोष देत नाही, त्यास कारण आहे. दोन वर्षांपूर्वी, रीतसर खात्याची अनुमती काढून, मी सपत्नीक बंधूंकडे गेलो होतो. त्यांनी आम्हांस फ्लॉरिडात एका भव्य करमणूक-उद्यानात नेले. त्या प्रदेशातील अशा उद्यानांचा मद्याशी संबंध तसा संकोचाचाच राहिलेला आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात पहिले डिस्नेलँड उघडले, ते सर्वसामान्य पाहुण्यांसाठी मद्यविरहित. तेथे सर्वांस मिळेल असे मद्य यावयास २०१९ साल उजाडले. फ्लॉरिडातील १९७१ च्या मॅजिक किंगडममध्ये ते २०१२ साली एका भोजनगृहापुरते आले. एप्रिल १९९२ मध्ये पॅरिसजवळचे उद्यान उघडले, तेव्हा फ्रेंच माणसास जेवणाबरोबर वाइन मिळू नये, हे फ्रेंचांस इतके लागले, की पुढच्याच वर्षी चालकांना नमते घ्यावे लागले. असो. तर दिवसभराच्या पायपिटीनंतर बंधूंनी माझ्यासाठी एक बीअर मागविली. विक्री करणारी मुलगी विशीतली. तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून स्मित केले आणि ओळखपत्र मागितले. मी खिशातून भारत सरकारचे ओळखपत्र काढले. ज्यावर राजमुद्रा आहे, जे दाखविताच मंत्रालयांच्या फाटकावरील सशस्त्र शिपाई बाजूस होतात, असे ते पत्र तिने एखादे बसचे तिकीट पाहावे तसे पाहिले. मग मी प्राप्तिकराचे पॅन कार्ड दाखविले. त्यावरील ६ ऑगस्ट तिने ८ जून असे वाचले. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत होता. चौपन्नाव्या वर्षी, सोळा वर्षांच्या पोराप्रमाणे, मी लिंबाचे सरबत घेऊन परतलो. सौभाग्यवतींनी तो वृत्तांत न्यू जर्सीपासून नागपूरपर्यंत सर्वांस कळविला. त्या देशात एकवीस वर्षांची मर्यादा आहे, आणि अल्पवयीनास मद्य दिल्यास शिक्षा विक्रेत्यास होते. म्हणून ती मुलगी माझ्या केसांवर विसंबली नाही. तिचे बरोबर होते. मला राग आला होता, हेही खरे.

पुन्हा लग्नघरी. दुसऱ्या रात्री, जेवणे उरकल्यावर, वाढपी दुसरा आहे असे पाहून दोघे भाऊ पुन्हा बारमध्ये गेले. माझे चिरंजीव सव्वीस वर्षांचे. त्यांनी आपले कार्ड पुतण्याच्या हाती दिले आणि आपण जरा मागे राहिले. दोघांचेही नाक आजोबांचे. कार्डावरील छायाचित्र कोणाचेही वाटावे असे. बीअर मिळाली. मला हे सकाळी कळले, तेही मुलांच्या हसण्यावरून.

मी संतापलो. तीस वर्षे मी सरकारी कागदांत काढली आहेत. राजपत्रित अधिकारी म्हणून किती जणांच्या प्रतींवर 'मूळ प्रतीबरहुकूम खरी' असे लिहून सही केली असेल, त्याची गणती नाही. आणि माझ्याच घरात एकाचे कार्ड दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चालविले जाते! मी चिरंजीवांस बरेच बोललो. पुतण्या शांतपणे ऐकत होता. मग तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "काका, पण आजोबांचं परमिट आमच्या भिंतीवर आहे. बाबांनी फ्रेम केलंय."

या परमिटाची हकीकत तरुण मंडळींसाठी सांगितली पाहिजे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि संपूर्ण बंदी एप्रिल १९५० पासून. मोरारजीभाई देसाई तेव्हा गृहमंत्री होते. त्या बंदीविरुद्ध एफ. एन. बलसारा या पारशी गृहस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. व्हिस्की, ब्रँडी, बीअर यांच्या जोडीला औषधी वाइन, ओ-द-कोलोन आणि लव्हेंडर वॉटर बाळगण्याचाही हक्क त्यांनी मागितला. सर्वोच्च न्यायालयाने मे १९५१ मध्ये कायदा बहुतांशी वैध ठरविला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बंदीतून सोडविली. उरले ते परमिट. ते देण्याचे आधार पाहण्यासारखे होते. ज्या परदेशात मद्य सर्रास घेतले जाते, अशा ठिकाणी जन्मून वाढलेल्यास परमिट मिळे. पर्यटकांस तर आपल्या वकिलातींतून आणि परदेशांतील पर्यटन कचेऱ्यांतून अखिल भारतीय परमिट दिले जाई. स्वदेशी माणसास मात्र प्रकृतीचे कारण लागे. परक्यास सवय पुरे, आपल्यास व्याधी हवी! साठीच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, बंदी सैल झाली, तरी प्रकृतीचे हे शब्द राहिलेच. महाराष्ट्रात अजूनही पाट्यांवर 'परमिट रूम' वाचावयास मिळते. एका दिवसाचे परमिट पाच रुपयांस, वर्षाचे शंभरास, आजन्म हजारास, असा भाव पुष्कळ वर्षे चालत आलेला आहे, आणि आरोग्याचे रक्षण हाच त्यामागील हेतू कागदोपत्री सांगितला जातो.

माझे वडील गिरगावात राहत. पहाटे चौपाटीपर्यंत चालत जाऊन परत येत. त्यांस सर्दीखेरीज आजार झाल्याचे घरात कोणास आठवत नाही. तरी त्यांच्या परमिटासाठी दाखला मिळाला होता. ते स्वतः घेत नसत. त्यांच्या वाट्याची युनिटे कचेरीतील एका स्नेह्यास जात, त्याच्या मुलीच्या लग्नात उपयोगी पडावीत म्हणून. आई हे सांगताना हसत असे. आम्हीही हसत असू. वडील गेल्यावर बंधूंनी तो कागद नेला आणि न्यू जर्सीच्या दिवाणखान्यात लावला. पाहुण्यांस तो मोठ्या कौतुकाने दाखविला जातो.

त्या मुलाने मला हेच विचारले, की आजोबांनी खोटा आजार दाखविला तर ते कौतुक, आणि मी दादाचे कार्ड दाखविले तर तो गुन्हा कसा? मी म्हणालो, की काळ निराळा होता. त्याला ते पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही पटले नाही. त्याने आणखी एक गोष्ट बोलून दाखविली. १९५० च्या मुंबईत, अमेरिकेत जन्मला म्हणून, त्यास परमिट मिळाले असते. आज गुरुग्रामात तो चालतो, कारण हरियाणाने डिसेंबर २०२१ मध्ये मर्यादा पंचवीसवरून एकवीसवर आणणारे विधेयक संमत केले. मध्ये द्वारकेत मात्र तो अज्ञान! मोटारीने अर्ध्या तासाचे हे अंतर आहे. रात्री तिकडे जाऊन, पिऊन, द्रुतगती मार्गाने स्वतः गाडी हाकत परतणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. कार्डाच्या अदलाबदलीपेक्षा मला धास्ती होती ती याची. मद्यविक्रीच्या ठिकाणी वयाची सक्तीने पडताळणी व्हावी, अशी याचिका २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तीही मद्यपान करून वाहन हाकण्याच्या प्रश्नातूनच.

गुजरातेतील द्वारकेस जाऊ इच्छिणाऱ्या परदेशी नातेवाइकांसाठी येथे दोन शब्द सांगून ठेवतो. तेथे बंदी आहे आणि बाहेरच्या पाहुण्यास तात्पुरते परमिट काढावे लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि प्रवासाचे तिकीट जवळ असू द्यावे. इतरत्रही मूळ पासपोर्टच न्यावा, भ्रमणध्वनीतील त्याच्या छायाचित्रावर भिस्त ठेवू नये. महाराष्ट्रात बीअर आणि वाइन यांस एकवीस व कडक मद्यास पंचवीस, असे दोन उंबरे आहेत. वर्धा जिल्ह्यात बंदी आहे, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. माहेर कोणत्या जिल्ह्यात आहे, यावर जावयाचा पाहुणचार अवलंबून असतो, असे आमचे एक नागपूरकर स्नेही म्हणतात.

त्या सकाळच्या वादाचा शेवट असा झाला. चिरंजीवांचे कार्ड मी परत त्यांच्या स्वाधीन केले आणि यापुढे ते कोणासही देणार नाही, असे त्यांच्याकडून वदवून घेतले. पुतण्यास मी म्हणालो, की वऱ्हाड गेल्यावर मी स्वतः तुला घेऊन जातो. दोन दिवसांनी आम्ही तिघे टॅक्सी करून गुरुग्रामला गेलो. टॅक्सीच, कारण परत येताना कोणी चाक हाती घ्यावे हा प्रश्नच उरू नये. तेथे वाढप्याने पासपोर्ट मागितला, जन्मतारीख पाहिली, मनाशी वर्षे मोजली आणि तो अदबीने परत दिला. मुलांनी एकेक बीअर घेतली. मी लिंबाचे सरबत घेतले. माझ्याकडे कोणी काही मागितले नाही. पुतण्या मला आजोबांविषयी विचारीत राहिला. ते कोणत्या वाटेने चौपाटीस जात, त्या स्नेह्याच्या मुलीचे लग्न कसे झाले, परमिटावरील सही करताना त्यांस काही वाटले असेल काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला देता आली.

या भाषणाची वार्ता बंधूंस कळताच, मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनासाठी ते परमिट भिंतीवरून काढून पाठवू काय, असे त्यांनी विचारले आहे. मी होकार कळविला आहे. मात्र त्याखालील माहितीपट्टीवर 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द असावेत की नसावेत, याबद्दल आमचे अद्याप एकमत झालेले नाही. आणि आईंचे नाव त्यात येऊ नये, असा वहिनींचा आग्रह आहे.