बिअरचं पार्सल कोण नेणार?



निवृत्तीनंतर बंगळुरूत स्थायिक झालो, तेव्हापासून एक प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. "कर्नलसाहेब, तुमच्या गावात ताजी बिअर मिळते म्हणे. दोन बाटल्या पाठवा की! कुठलं कुरिअर चांगलं?" विचारणारे पुण्याचे, इंदूरचे, बडोद्याचे, बेळगावचे. सगळे आपलेच, आणि सगळे बिअरचे चोखंदळ शौकीन. पिऊन पडणारी ही मंडळी नाहीत. एक ग्लास तासभर पुरवून त्यावर दोन तास बोलणारी आहेत.

उत्तर आधी सांगतो, कारण सांगतो नंतर. उत्तर आहे: कुठलंही नाही. घरगुती माणसानं दुसऱ्या घरगुती माणसाला बिअर पाठवावी, असा कायदेशीर मार्ग आपल्या देशात टपालातही नाही आणि खाजगी कुरिअरमध्येही नाही.

आता कारणं. पहिलं कारण राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आठवी नोंद मादक पेयांची आहे. दारू बनवणं, बाळगणं, वाहून नेणं, विकत घेणं, विकणं, सगळं राज्याच्या अखत्यारीत. एक्कावन्नावी नोंद त्यावरच्या उत्पादन शुल्काची. म्हणजे बिअरच्या दृष्टीनं प्रत्येक राज्य हा वेगळा देश आहे. तुमच्या बाटलीचं लेबल वाचा. विक्री कोणत्या राज्यापुरती, ते तिथंच छापलेलं असतं. कर्नाटकाचा कर भरलेली बाटली निपाणी ओलांडून कोल्हापूरकडे गेली, की महाराष्ट्राच्या लेखी ती कर न भरलेली बाटली. गोव्याहून येणाऱ्यांना बांद्याजवळचा इन्सुलीचा तपासणी नाका आठवत असेल. तो उगाच नाही.

आपण मराठी माणसं जिथं जिथं पसरलो, तिथला नकाशा या बाबतीत फार गमतीचा आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा घ्या. 1960 साली राज्याचे दोन भाग झाले आणि तोच कायदा दोन्हीकडे गेला. महाराष्ट्रात त्याच कायद्याखाली परमिट काढून पिता येतं, आणि बिअरसाठी वय एकवीस, बाकी मद्यासाठी पंचवीस लागतं. गुजरातेत त्याच कायद्याखाली दारूबंदी. 2017 च्या दुरुस्तीनंतर तिथं दारूच्या वाहतुकीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्राच्या आतही वर्धा जिल्हा 1975 पासून आणि गडचिरोली 1993 पासून कोरडा. चंद्रपूर 2015 मध्ये कोरडा झाला आणि 2021 मध्ये बंदी उठली. बिहारात 2016 पासून बंदी.

माझा एक जुना सहकारी बडोद्याला असतो. गुडघ्यांमुळे प्रवास बंद. त्याला बंगळुरूचा काळा स्टाउट प्यायचा आहे, आणि त्याला तो पाजावा असं मलाही मनापासून वाटतं. आमच्यातला एकजण म्हणाला, "खोक्यावर लोणचं लिहा आणि पाठवा. कोण उघडून बघतंय?"

याचं उत्तर नीट ऐका, कारण माझ्या मते हा आजच्या विषयाचा गाभा आहे. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव असतं, तसं घेणाऱ्याचंही असतं. मी बंगळुरूत सुरक्षित बसणार, आणि पोलीस दार ठोठावणार ते बडोद्याला, सत्तरीच्या माणसाचं. मधे ते खोकं नेणारा पोरगा. दिवसाला शंभर पार्सलं पोचवतो, आत काय आहे त्याला माहीत नाही. बाटली त्याच्या पिशवीत फुटली, तर वास त्याच्या अंगाला येणार आणि प्रश्न त्याला विचारले जाणार. फौजेत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतात: धोका पत्करायचा तर आपण पत्करायचा, न सांगता दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा नाही. लोणचं लिहिलेलं बिअरचं खोकं नेमकं तेच करतं.

दुसरं कारण वाहतूकदाराचं. कुरिअर कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत मद्य असतं. खोटी नोंद केली की विम्याचा, भरपाईचा प्रश्नच संपला. परदेशातही फार वेगळं नाही. अमेरिकेत सरकारी टपाल बिअर घेत नाही. यूपीएस आणि फेडेक्स घेतात, पण परवानाधारक व्यावसायिकांकडून, तुमच्याआमच्याकडून नव्हे. ब्रिटनमध्ये मात्र रॉयल मेल नीट बांधलेली बिअर स्वीकारते. तेव्हा लंडनच्या भाच्यानं लीड्सच्या मित्राला बाटली पाठवली, म्हणून आपणही पाठवू शकतो, असं समजू नका.

तिसरं कारण खुद्द बिअरचं. इथली नावाजलेली बिअर म्हणजे मायक्रोब्रुअरीची. पुण्यात 2009 साली दूलालीनं सुरुवात केली, इंदिरानगरला टॉइट 2010 मध्ये आलं. ही बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते. यीस्ट जिवंत असतं. उन्हाळ्यात गोदामात चाळीस अंशांत दोन दिवस पडली, तर उरलेली साखर आंबत राहते, वायू वाढतो, दाब वाढतो आणि काच फुटते. नाही फुटली तरी चव जाते. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीवर ऊन पडलं, तर हॉप्समधल्या कडू द्रव्यांचं विघटन होऊन कुबट वास येतो. म्हणून तर बाटली तपकिरी असते.

आणि हिशेबही बघा. 650 मिलीची भरलेली काचेची बाटली किलोच्या वर जाते. हवाई कुरिअर आकारमानाचं वजन लावतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. 40 बाय 30 बाय 30 चं खोकं म्हणजे 7.2 किलो, आत काहीही असो. बिअरपेक्षा भाडं जड!

या गावानं बिअरची वाहतूक पूर्वीही पाहिली आहे, बरं का. दक्षिणेतल्या पाच ब्रुअरीज एकत्र करून थॉमस लीशमन यांनी 1915 मध्ये युनायटेड ब्रुअरीज उभी केली, ती गोऱ्या पलटणींना मोठमोठ्या पिंपांतून बिअर पुरवायची. त्याआधी इंग्लंडहून जहाजानं चार-सहा महिने प्रवास करून पिंपं यायची. पण तो घाऊक, परवान्याचा माल होता. मित्राला दोन बाटल्या पाठवणं ही गोष्ट निराळी.

मग करायचं काय? आम्ही तीन गोष्टी करतो.

पहिली: एकच बिअर, अनेक गावं. करांमुळे मोठे ब्रँड बहुतेक राज्यांत तिथल्या तिथेच बिअर बनवतात. किंगफिशर कर्नाटकात नेलमंगलला बनते, महाराष्ट्रात तळोज्याला. लेबलवर कारखान्याचा पत्ता आणि भरल्याची तारीख असते. आपापल्या गावात विकत घ्यायची, एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसायचं, तारखा जुळवायच्या आणि चव लिहून काढायची. तीन महिने जुनी आणि पंधरा दिवसांची, यातला फरक एकदा कळला की माणूस दुकानात आधी तारीख बघायला लागतो. बडोद्याचे आमचे मित्र त्या बैठकीत चहाचा कप घेऊन बसतात आणि आमच्या वर्णनांना गुण देतात. सगळ्यात कडक परीक्षक तेच आहेत.

दुसरी: बिअर सोडून बाकी सगळं पाठवायचं. ग्लासखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या, जुनी लेबलं, रिकामे मग. इथे मात्र वाहतूकदार निवडायला अर्थ आहे. सपाट, हलक्या वस्तूंना स्पीड पोस्ट. 2025 पासून रजिस्टर्ड पोस्टही त्यातच विलीन झालं आहे. दीड लाखांहून जास्त टपाल कचेऱ्या आहेत, खेड्यातही पोचतं. कुणाचा मुलगा सीमेवर असेल आणि पत्ता 56 एपीओ किंवा 99 एपीओ असेल, तर फक्त टपालच जातं, खाजगी कुरिअर तिथं पोचत नाही. काचेचा मग असेल तर दुहेरी खोकं घ्या, आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात चारी बाजूंनी दोन इंच भरण ठेवा, आणि हलवून बघा. आवाज आला तर पुन्हा बांधा.

तिसरी: स्वतः जा. विमानात चेक-इन सामानात चोवीस टक्क्यांखालच्या मद्याला धोकादायक मालाचं बंधन लागत नाही, पण जिथं उतरणार त्या राज्याचे नियम लागतातच. ते आधी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून विचारून घ्या. त्याहून सोपं म्हणजे मित्रालाच इकडे बोलवा. कॅन्टीनची बाटली मात्र माझ्याकडे मागू नका. ती फक्त सैन्यदलांसाठी आहे, आणि तसं तिच्यावर छापलेलं असतं.

येत्या हिवाळ्यात बडोद्याच्या मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. बरे झाले की त्यांना रेल्वेचं खालच्या बर्थचं तिकीट काढून देणार आहे. बिअर जाऊ शकत नाही, माणूस येऊ शकतो.

जय हिंद.