घरच्या इंटरनेटचा खरा वेग



तीस वर्षांहून अधिक काळ मीं शाळेंत गणित शिकविलें. ‘एकक लिहिलें नाहीं, तर उत्तराचे गुण मिळणार नाहींत,’ असें मी मुलांना नित्य बजावीत असें. त्याच एककाकडे माझें दुर्लक्ष झालें, आणि एका निरपराध तरुणाला मीं नाहीं नाहीं तें बोललों. ती हकीकत आज सांगतों.

आमच्या घरीं सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची इंटरनेट-जोडणी घेतली. नातीला अभ्यासाची एक मोठी फाइल उतरवून घ्यावयाची होती. पडद्यावर वेग दिसला साडेअकरा! शंभराचे पैसे भरावे आणि पदरांत अकरा पडावे? जोडणी करणारा मुलगा आला, तेव्हां ‘ही शुद्ध लबाडी आहे,’ असें मीं त्याला दारांतच सुनावलें. तो कांहीं समजावूं पाहत होता. मीं ऐकून घेतलें नाहीं.

तो गेल्यावर नात म्हणाली, “आजोबा, शंभर आहेत ते मेगाबिट. पडद्यावर आहेत ते मेगाबाइट.”

बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान अंश : शून्य किंवा एक. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. कंपन्या वेग बिटांत सांगतात. संगणक फाइल उतरवितांना तो बहुधा बाइटांत दाखवितो. शंभरास आठांनीं भागा, साडेबारा येतात. मग उरलेला एक कोठें गेला? माहिती लहान लहान पुडक्यांतून येते आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. टपालाच्या पार्सलाबरोबर वेष्टनाचेंही वजन होतें, तसा त्या पत्त्यांचा भारही त्याच तारेवर पडतो. तेव्हां साडेअकरा हा हिशेब चोखच होता.

याचा अर्थ तक्रारीला कधींच जागा नसते, असा नव्हे. पण दोष कोठें आहे, तें आधीं पाहावें. राउटर लोखंडी कपाटामागें ठेवला किंवा मध्यें दोन जाड भिंती आल्या, तर बिनतारी लहरी क्षीण होतात. घरांत चौघे एकाच वेळीं चित्रपट पाहूं लागले, तर वेग चौघांत वांटला जातो. रात्रीं सारा मोहल्ला जागा असतो, तेव्हां बाहेरच्या वाटेवरही गर्दी होते. शिवाय ज्या दूरच्या संगणकावरून फाइल येते, तोच मंद असेल, तर आपली तार काय करणार?

म्हणून संगणक तारेनें राउटरला जोडा, घरांतील इतर यंत्रें थांबवा, आणि सकाळीं व रात्रीं असा आठवडाभर वेग मोजून वहींत टिपा. तारेवरही वेग सतत निम्मा भरला, तर ती वही घेऊन खुशाल तक्रार करा.

थोडें मागें वळून पाहूं. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्या देशांत सामान्य जनतेस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां टेलिफोनवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. एक गिगाबाइटची फाइल त्या वेगानें उतरण्यास नऊ दिवसांहून अधिक लागते. आमच्या घरीं ती दीड मिनिटांत उतरते. आणि स्वच्छ चित्रपट पाहावयास सुमारें पांच मेगाबिट पुरतात. अधिक पैसे भरण्यापूर्वीं आपली गरज किती, हाही हिशेब करावा.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या तरुणास बोलावून क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, “सर, रोज दहा घरीं हेंच ऐकतों. परत बोलावलें तें तुम्हींच.”

आपल्या दारीं असा कोणी आला, तर त्याला बोल लावण्यापूर्वीं एकदां आठांनीं भागून पाहा, एवढीच विनंती.