ओटीवर येणाऱ्या उमेदवारास एक प्रश्न

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास उभे केले याचेच नवल वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणाचा हिशेब आणि पापडाचे पीठ याखेरीज मी या मंडळात कशावर बोललेले नाही. पण आज सांगणार आहे ते माझ्या माहेरच्या घरातले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

आपला चंद्रपूर जिल्हा दारूच्या प्रश्नावर साऱ्या राज्यात गाजला. शेजारच्या वर्ध्यात बंदी फार जुनी, गडचिरोलीत १९९३ पासूनची. आपल्याकडेही ती यावी म्हणून २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून बाया पायी नागपूरला विधानसभेवर गेल्या. त्यांत माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या पायांचे फोड मी या हातांनी धुतले. २०१४ च्या निवडणुकीत जो उमेदवार ओटीवर येई त्याला आम्ही एकच विचारीत असू, "भाऊ, दारू बंद करणार की नाही?" होय म्हणेल तो आपला. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागली. आम्ही गल्लीत साखर वाटली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी माहेरून निरोप आला. माझा धाकटा भाऊ खाणीवर कंत्राटी कामाला होता आणि सकाळी उठल्याबरोबर पिणाऱ्यांपैकी होता. जाऊन पाहते तो त्याचे हात लटलट कापत होते, अंगाला घामाच्या धारा, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडत होता. आईलासुद्धा ओळखेना. शेजारच्या म्हणाल्या, बाहेरची बाधा आहे. लिंबू-मिरच्या उतरवून झाल्या. शेवटी गल्लीतल्या नर्सबाई धावत आल्या नि म्हणाल्या, "अहो, रोजची दारू एकाएकी तुटली की असे होते. यात माणूस दगावतो. आधी दवाखान्यात न्या."

पाच दिवस सलाईन नि इंजेक्शने झाली, भाऊ वाचला. निघताना सांगण्यात आले, "आता पिऊ नको." एवढेच. पुढे कोणाकडे जावे, कोणते औषध घ्यावे, कोणी सांगितले नाही. महिन्याभरात पोरे चोरून बाटली आणून देऊ लागली, दर दुप्पट-तिप्पट. वहिनीच्या कानातले गेले, मग सायकल गेली. वहिनी मला एकदाच बोलली, पण ते अजून काळजात रुतून आहे: "ताई, तुम्ही साखर वाटली, आम्ही काय वाटावे?"

भगिनींनो, बंदी मागितली याचा मला पस्तावा नाही. पुष्कळ घरांत त्यामुळे संध्याकाळी चूल वेळेवर पेटली, हे मी पाहिले आहे. परंतु आम्ही दुकानाचा विचार केला, दुकानातून घरी येणाऱ्या माणसाचा केला नाही. पुढे २०२१ च्या मे महिन्यात दुसऱ्या सरकारने बंदी उठवली. चोरटी दारू वाढली, बनावट दारू येऊ लागली, असे कारण दिले. एक म्हणतो बंद करा, दुसरा म्हणतो चालू करा. दोघांच्याही भाषणात माझा भाऊ नाही.

भावाला आम्ही २०१८ साली नागपूरच्या एका केंद्रात ठेवले. तिथे कळले की व्यसन हा आजार आहे, त्याला औषध लागते, बोलणे लागते, आणि घरच्यांनाही शिकावे लागते. तो एकदा पुन्हा घसरला. आम्ही पुन्हा नेले. आज तो कामावर जातो. पण त्या खर्चासाठी वडिलांचे अर्धे वावर गहाण पडले. ज्याला वावरच नाही त्याने काय करावे?

एका गावातले दुकान बंद करणे आपल्या हाती आहे. चौथा हिस्सा बायकांनी लेखी मागणी केली तर मतदान घेता येते, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होते. घरी बसलेलीचे मत दुकानालाच जाते, एवढे ध्यानात ठेवावे. परंतु तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनाच्या रोग्यासाठी खाट आणि डॉक्टर ठेवणे आपल्या हाती नाही. ते निवडून जाणाऱ्याच्या हाती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार आजारात धरले आहेत. मग त्यांची सोय आपण हक्काने मागावी.

२०२४ च्या निवडणुकीत एक उमेदवार आमच्या ओटीवर आले. मी चहा दिला आणि विचारले, "भाऊ, बंदीचे मागाहून बोलू. ज्याला सुटत नाही त्याला आपल्या तालुक्यात कुठे न्यावे?" ते घटकाभर गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, हे मला आजवर कोणी विचारलेच नाही." मला राग आला नाही, लाज वाटली. खरेच, आपण विचारलेच नव्हते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. येथून पुढे मत मागावयास जो येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला हे विचारावे: तालुक्यात उपचाराची सोय कधी करणार? गरिबाकडून पैसे घेणार की नाही? बरा होऊन आलेल्याला कामावर परत घेण्यास सांगणार काय? आणि मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत तुमच्या माणसांकडून बाटल्या येणार नाहीत, याची हमी देणार काय? उत्तर वहीत लिहून त्याची सही घ्यावी. पाच वर्षांनी ती वही पुन्हा उघडावी.

आणि आज कोणाच्या घरी असा रोगी असेल तर लपवू नका. १४४४६ या नंबरावर फुकट फोन लागतो. एकाएकी दारू तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझ्या आईने चार दिवस जे पाहिले ते तुमच्यापैकी कोणाला पाहावे लागू नये, एवढ्याचसाठी मी उभी राहिले.