‘डायरेक्ट’ करू नका

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांची भाषणे झाली, त्यातील एका भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीच्या वहिनींनी मला सांगितलं होतं, ‘काका, बँकेतल्या आठवणी सांगा.’ त्या आठवणी तुम्ही खाली बाकावर बसून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता तुम्हीच मला सांगू शकाल. म्हणून आज मी साबणाच्या वडीएवढ्या एका वस्तूबद्दल बोलणार आहे.

आपल्या मेन गेटच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या जरा वर, एक-एक काळी डबी बसवलेली आहे. रोज आपण तिच्यासमोरून जातो-येतो. तिला सेन्सर म्हणतात. एका डबीतून डोळ्याला न दिसणारा, इन्फ्रारेड प्रकाशाचा किरण निघतो आणि समोरची डबी तो घेते. गेट बंद होत असताना मध्ये कुणी आलं की किरण तुटतो आणि गेट थांबतं किंवा मागे फिरतं. गेल्या पावसाळ्यात या डब्यांमध्ये पाणी गेलं. गेट अर्ध्यावर अडायला लागलं, सकाळी ऑफिसच्या वेळेला गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. मग मेकॅनिक आला आणि त्याने पाच मिनिटांत ‘डायरेक्ट’ करून दिलं. म्हणजे काय, तर सेन्सरच्या तारा काढल्या आणि त्या जागी तारेचा एक तुकडा जोडला. आता गेटला कायम वाटतं की समोर कुणी नाही. तेव्हापासून गेट सुरळीत चाललं आहे आणि कुणाचीही तक्रार नाही. माझी आहे, आणि ती मांडायलाच मी उभा आहे.

‘डायरेक्ट’ हा शब्द आपल्या घरोघरी आहे. टाकीचा फ्लोट स्विच बिघडला, करा डायरेक्ट. फ्यूज सारखा उडतो, घाला जाड तार. काम चालू झालं की आपण खूश. पण जी वस्तू आपल्याला अडवत होती ती का अडवत होती, हे विचारायचं राहून जातं.

याच गोष्टीचा अभ्यास मला अमेरिकेत करावा लागला. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलीकडे होतो. तिकडे बहुतेक घरांना लागूनच गॅरेज असतं. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच. ते रुळांवरून वर सरकत जाऊन छताला समांतर राहतं. छताला मोटर, हातात रिमोट. घरातली मंडळी पुढच्या दारापेक्षा याच दाराने जास्त ये-जा करतात. आणि मुलांची सायकल, चेंडू, सगळं सामान त्या गॅरेजमध्येच.

मुलीच्या घरचं दार फूटभर खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं. मोटरवरचा दिवा उघडझाप करायचा. रिमोटने ते बंद होईना. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तरच ते खाली यायचं. जावईबापू रोज सकाळी घाईत बटण दाबून धरायचे. शेजारच्या एका सज्जनांनी त्यांना सोपा उपाय सांगितला, की दोन्ही सेन्सर जमिनीजवळून काढायचे आणि वर मोटरपाशी एकमेकांसमोर चिकटपट्टीने बांधून टाकायचे. किरण कधी तुटायलाच नको! हा उपाय तिकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. म्हणजे ‘डायरेक्ट’ त्यांच्याकडेही आहे, फक्त नाव वेगळं.

मी म्हटलं, जावईबापू, चार दिवस थांबा. कारण घरात पाच वर्षांची नात. तिचा खेळ असा की दार खाली यायला लागलं की त्याच्या खालून पळत बाहेर जायचं. तिला तो खेळ कुणी शिकवला नव्हता. दार हलताना दिसलं की मुलांना तो आपोआप सुचतो.

त्या चार दिवसांत मी माहिती काढली. तिकडे एके काळी या दारांना किरणाचे सेन्सर नव्हते. दार एखाद्या वस्तूवर आपटलं तर उलट फिरावं, एवढीच सोय होती. म्हणजे दाराला कळण्यासाठी आधी ते मुलाला लागायला हवं. आणि ती सोय नीट चालली नाही तर मूल दाराखाली अडकायचं. अशा अपघातांत अनेक लहान मुलं दगावली. मग १९९० साली अमेरिकन संसदेने कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती गॅरेजच्या दार-यंत्रांना, दार लागण्याआधीच अडथळा ओळखणारा सेन्सर किंवा तशीच दुसरी जादा सोय असणं बंधनकारक झालं. सेन्सर जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच बसवायचे नाहीत, असा दंडक आहे. सहाच इंच का? तर रांगणारं, पडलेलं, चेंडू काढायला आडवं झालेलं मूलही त्या किरणाच्या आड यावं म्हणून. आता हे सेन्सर छताजवळ बांधले तर काय होईल, ते मी वेगळं सांगायला नको.

या यंत्राची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा स्वभाव. शंका आली की ते दार लावत नाही. तार तुटली, लावत नाही. काचेवर धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं, तरी लावत नाही. आपल्याला वाटतं ते बिघडलं. खरं तर ते म्हणत असतं, ‘मला दिसत नाही, म्हणून मी जबाबदारी घेत नाही. तुम्ही स्वतः उभे राहा, बटण दाबून धरा आणि डोळ्यांनी बघा.’ बटण सोडलं की दार मागे. आमच्या बँकेत असा एखादा हेडकॅशियर असायचा. सही जुळली नाही तर साहेबाच्या मेहुण्यालाही पैसे देत नसे. लोक त्याच्या नावाने बोटं मोडत, पण ऑडिटला शाखा त्याच्यामुळेच निर्धास्त असे.

तर आम्ही काम हाती घेतलं. आधी दोन्ही सेन्सरच्या काचा मऊ फडक्याने पुसल्या. किरण पाठवणाऱ्या सेन्सरवरचा पिवळसर दिवा लागलेला होता, घेणाऱ्यावरचा हिरवा दिवा मात्र विझत-लागत होता. हिरवा स्थिर नसेल तर किरण नीट पोचत नाही, असं समजायचं. मग एका सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणून दोघांची तोंडं सरळ केली. फरक नाही. संध्याकाळचं ऊन थेट काचेवर पडलं तरी सेन्सर फसतो, म्हणून पुठ्ठ्याची सावली धरून पाहिली. तरीही नाही. आता प्रश्न उरला तो दोष तारेत की सेन्सरमध्ये. त्यासाठी मोटरचा प्लग काढला, दोन्ही सेन्सर सोडवून मोटरजवळ आणले आणि तारेच्या लहान तुकड्यांनी तिथेच जोडून समोरासमोर धरले. प्लग लावला, हिरवा दिवा तरीही लुकलुकत होता. म्हणजे भिंतीतली तार निर्दोष, सेन्सरच गेलेला.

यंत्राच्या मॉडेलला जुळणारी नवी जोडी मागवली. एक गेला तरी जोडीच बदललेली बरी. तीस-चाळीस डॉलरचं काम. पुन्हा प्लग काढला, जुन्या जोडणीचा मोबाईलवर फोटो घेतला. प्रत्येक सेन्सरला दोन तारा, एक पांढरी आणि एक काळ्या पट्ट्याची. पांढऱ्या पांढऱ्यांबरोबर, पट्ट्याच्या पट्ट्याच्यांबरोबर, एवढं सांभाळलं की झालं. वरच्या मोठ्या स्प्रिंगला मात्र आम्ही हात लावला नाही. तिच्यात सगळ्या दाराचं वजन ताणून धरलेलं असतं. ते काम जाणत्या कारागिराचं.

जोडणी झाल्यावर दोन चाचण्या घेतल्या. दार खाली येत असताना किरणाच्या आड केरसुणी धरली. दार थांबून वर गेलं. मग दीड इंच जाडीची फळी उंबऱ्यावर आडवी टाकली. ती किरणाच्या खाली राहते, म्हणून सेन्सरला दिसत नाही. दार फळीला टेकताच उलट फिरलं पाहिजे, आणि फिरलं. म्हणजे पहिला पहारेकरी चुकला तर दुसरा जागा आहे. दर महिन्याला या दोन चाचण्या घ्याव्यात असं तिकडे सांगतात. जावईबापूंनी फ्रीजवर तारखा लिहून ठेवल्या.

मंडळी, तिकडचं दार हलकं. आपलं गेट लोखंडी, चारशे किलोच्या आसपास. शाळेची व्हॅन गेटबाहेर थांबते आणि मुलं दप्तर सांभाळत ‘पहिला कोण’ करत आत धावतात. आमच्यासारखे काठीवाले दोन पावलं टाकून मध्येच दम खातात. लिफ्टचं दार हात घातल्यावर मागे जातं, त्यामुळे गेटही तसंच थांबेल अशी सगळ्यांची समजूत. आज ती समजूत खोटी आहे आणि हे बऱ्याच जणांना माहीतही नाही. मला सर्वांत काळजी वाटते ती याची. डबी जागेवर दिसते, म्हणून भरवसाही जागेवर राहतो.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. सोयीसाठी दोन्ही एकाच्याच खिशात गेल्या, तर कागदावर दोघे आणि प्रत्यक्षात एकच. तारेचा तो तुकडा म्हणजे तसाच प्रकार.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाआधी नवी जोडी बसवावी आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वर छोटं छप्पर करावं. मी दोन ठिकाणी भाव विचारले. मजुरीसकट ३,००० रुपये धरले तरी ८४ फ्लॅटमध्ये घरटी ३६ रुपयेसुद्धा पडत नाहीत. दुसरी, तोपर्यंत गेट वॉचमनने स्वतः शेजारी उभं राहून, नजरेसमोरच बंद करावं. रिमोट कुणी वापरू नये. गाडीवाल्यांनी दोन मिनिटं थांबावं, आणि वॉचमनदादांवर ओरडू नये. तिसरी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी केरसुणी धरून चाचणी घ्यावी आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तारखेसह नोंद करावी. हे काम मी आनंदाने करीन, माझ्यानंतर करणारा तरुण सभासद मात्र आत्ताच पुढे यावा. चौथी, संस्थेत सुरक्षेची कुठलीही वस्तू ‘डायरेक्ट’ करायची वेळ आलीच तर अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या सह्या घ्याव्यात, ती पूर्ववत कधी होणार याची तारीख लिहावी, आणि सर्वांना दिसेल असा कागद फलकावर लावावा.

पंचवीस वर्षांत आपण वर्गणी काढून गणपती केला, टँकरचे दिवस काढले, रंगकामावर तीन-तीन सभा भांडलो. त्या मानाने ही मागणी फारच लहान आहे. आज इथे पुढच्या सतरंजीवर बसलेली ही चिल्लीपिल्ली संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात भाषणं करतील. त्यांची गेटमधून रोजची ये-जा आपल्या भरवशावर चालू आहे.

वहिनी घड्याळ दाखवताहेत.