डोहाळे नव्हेत, दुखणे

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुनेला दिवस गेले की घरात आनंदाची वार्ता पसरते. तिला काय खावेसे वाटते, कशाचा वास सहन होत नाही, याची चर्चा सुरू होते आणि सकाळच्या उमाशांकडे वडीलधाऱ्या स्त्रिया कौतुकाने पाहतात. दहांपैकी सात-आठ गर्भवतींना कमीअधिक मळमळ होतेच, आणि बहुतेकींची ती पाचव्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरते. त्यामुळे ‘कडक डोहाळे’ या शब्दात काळजीपेक्षा कौतुकच अधिक असते. परंतु याच शब्दाच्या आड एक गंभीर आजार दडून राहतो, याची जाणीव समाजात अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

शंभरांतील एखाददुसऱ्या गर्भवतीच्या पोटात अन्न तर नाहीच, पण पाण्याचा घोटही ठरत नाही. दिवसातून अनेकदा उलट्या होतात, लघवी कमी व गडद होते, उठून बसताच अंधारी येते. मूळ वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीचे अडीच किलो वजन घटले, तर ती धोक्याची खूण समजावी. या अवस्थेस वैद्यकशास्त्रात ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम’ असे नाव आहे. सोप्या शब्दांत ती गर्भारपणातील अतिवांती होय.

या आजाराचे पहिले औषध म्हणजे रुग्णेच्या सांगण्यावर विश्वास, आणि दुर्दैवाने अनेकदा तेच मिळत नाही. अमेरिकेतील अनुवंशशास्त्रज्ञ मार्लेना फेझो यांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९९९ साली दुसऱ्या गर्भारपणात त्यांची अवस्था अशी झाली की अन्नपाणी पोटात ठरेना आणि किंचित हालचाल केली तरी उलटी होई. त्यांच्या डॉक्टरांना मात्र ही रुग्णा लक्ष वेधून घेण्यासाठी त्रास वाढवून सांगते, असे वाटले. अखेर पंधराव्या आठवड्यात त्यांना आपला गर्भ गमवावा लागला. विज्ञान शिकलेल्या, प्रगत देशातील स्त्रीची ही कथा, तर आपल्या खेड्यातील अबोल सुनेचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

फेझो यांनी हे दुःख संशोधनाकडे वळविले. हा आजार मनाचा खेळ नसून त्यास शारीरिक कारण असले पाहिजे, या निष्ठेने त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. २०२३ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांसमवेत त्यांचा शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भ व वार यांच्याकडून ‘जीडीएफ-१५’ नावाचे संप्रेरक मातेच्या रक्तात मोठ्या प्रमाणात येते व मेंदूतील वांतीशी निगडित भागास चेतविते. ज्या स्त्रीच्या शरीराला गर्भधारणेपूर्वी या संप्रेरकाची सवय कमी, तिला त्रास अधिक. एकेकाळी ज्या रुग्णांना ‘वातविकारी’ ठरवून कुटुंबीयांपासून दूर ठेवले जाई, त्यांची बाजू विज्ञानाने अशी उचलून धरली आहे.

आता अशा रुग्णेस रुग्णालयात काय अनुभवास येते ते पाहू. तिला खाटेवर निजवून शिरेतून सलाईन दिले जाते. रक्तातील क्षार तपासून पोटॅशियमची उणीव भरून काढली जाते. लघवीत ‘कीटोन’ आढळले, तर शरीर उपाशी राहून स्वतःची चरबी जाळीत आहे, हे उमगते. गावाकडे ‘ग्लुकोजची बाटली लावा’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो. परंतु अनेक दिवस उपाशी असलेल्या स्त्रीस आधी बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूस इजा होण्याचा संभव असतो. नजर अस्थिर होणे, झोक जाणे, भ्रम होणे ही त्याची लक्षणे होत. म्हणूनच बाटली कोणती व केव्हा, हा निर्णय डॉक्टरांवर सोपविणे श्रेयस्कर.

उलट्या थांबविणाऱ्या औषधांविषयी लोकांच्या मनात भीती आहे आणि तिला इतिहासही आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड अनेक गर्भवतींना मळमळीवर दिले गेले. पुढे हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मास आली आणि १९६१ साली ते औषध तेथे बाजारातून काढून घ्यावे लागले. मात्र आज डॉक्सिलामिन व पायरिडॉक्सिन यांचे मिश्रण दीर्घ अनुभवाच्या आधारे वापरले जाते आणि गरजेनुसार अन्य औषधेही दिली जातात. स्वतःच्या मनाने गोळी घेणे जितके चुकीचे, तितकेच भीतीपोटी उपचार नाकारणेही चुकीचे होय.

औषधाइतकेच मोल वागणुकीचे आहे. शेजारच्या खाटेवरील डब्यातील फोडणीचा वास, प्रसाधनगृहाकडून येणारा फिनेलचा दर्प, एवढ्यानेही या रुग्णेस उमासे येतात. तिची खाट खिडकीजवळ असावी, जवळ स्वच्छ भांडे असावे. ‘थोडे तरी खा’ असा तगादा न लावता ती मागेल तेव्हा तिला रुचेल ते घासभर द्यावे. ‘आम्हालाही पोरे झाली’ हे वाक्य तर वॉर्डात कोणीही उच्चारू नये. त्या एका वाक्याने रुग्णा गप्प होते, आणि गप्प झालेल्या रुग्णेचे दुखणे वाढत जाते. घरी गेल्यावर त्रास पुन्हा उलटू शकतो. तेव्हा तिने निःसंकोच परत यावे, असे तिला निघतानाच सांगितले पाहिजे.

शासनाने २०११ साली सुरू केलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती निःशुल्क झाली. २०१४ साली गर्भारपणातील गुंतागुंतीचाही त्यात समावेश करण्यात आला. औषधे, तपासण्या, आहार व वाहन यांचा लाभ त्यात मिळतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते. परंतु योजना कागदावरून उंबरठ्यापर्यंत नेणारी माणसे गावातच असतात.

पंचायत सदस्यांनी आशा स्वयंसेविकेच्या भेटीत ‘पाणी टिकते का, लघवी होते का, वजन किती घटले’ हे तीन प्रश्न विचारले जातात की नाही, ते पाहावे. वाहनासाठी १०२ व १०८ हे क्रमांक चावडीवर लिहावेत. गर्भवती शिक्षिका वा कर्मचारी वारंवार गैरहजर राहिली, तर कार्यालयप्रमुखांनी कामचुकारपणाचा शेरा मारण्यापूर्वी तिची वैद्यकीय कागदपत्रे पाहावीत. शिक्षकांनी पालकसभेत या आजाराचा उल्लेख संकोच न बाळगता करावा.

वेळीच केलेल्या साध्या उपचारांनी यांतील बहुतेक माता सावरतात. विलंब होतो तो बहुधा घरातच, आणि ‘असे व्हायचेच’ या दोन शब्दांमुळे होतो. एका दिवसात पाण्याचा घोटही न टिकलेल्या गर्भवतीस दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात नेणे, एवढा एक नियम प्रत्येक गावाने आपलासा करावा.